ठसा आणि हात

वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला अजिंठ्याच्या डोंगररांगेने दुभंगलेला जो बुलढाणा जिल्हा, त्याचे तेथील लोक घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानतात. या घाटाखालच्या भागात, रजतनगरी म्हणून ज्याची ख्याती झाली त्या खामगावच्या सराफ्यात, चांदीचे तबक वा समई विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकास जी पावती मिळते तिचे बारकाईने वाचन करणे कोणत्याही लहान व्यावसायिकास उद्बोधक ठरावे. चांदीचे वजन अमुक, तिचा टंच अमुक, आजचा भाव अमुक, आणि त्याखाली एका स्वतंत्र ओळीत मजुरी अमुक. धातूची किंमत बाजार ठरवतो. ती सराफाच्या हाती नाही आणि गिऱ्हाईकाच्याही नाही. मजुरीवर मात्र घासाघीस होते. ती होते याचाच अर्थ असा की, वस्तूत धातूखेरीज आणखी काहीतरी आहे आणि त्याचे मोल द्यावयाचे असते, ही गोष्ट उभय पक्षांना मान्य असते.

आता याच जिल्ह्यातील चिखली, मेहकर, मलकापूर, देऊळगाव राजा किंवा खुद्द बुलढाणा शहरातील एखाद्या घरी चला. ओसरीवर किंवा माडीवरच्या खोलीत एक संगणक, एक रंगीत छपाईचे यंत्र, कात्र्या, डिंक, मणी, रेशमी दोरे आणि जाड कागदांचे गठ्ठे असा सरंजाम मांडून कोणी गृहिणी, कोणी कलाशिक्षणाची पदविका घेतलेला तरुण, कोणी दोघी बहिणी मिळून लग्नपत्रिका, तोरणे, रुखवताचे सामान, राख्या व घरावरचे नामफलक तयार करतात, दुकानदारांना बोधचिन्हे काढून देतात आणि बचत गटांच्या पापड-मसाल्यांची वेष्टने रेखाटतात. हस्तकला आणि मुद्रणरेखन या दोन विद्यांचा हा संसार गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी रुजू लागला आहे. येथील पावतीवर मात्र मजुरीची ओळ नसते. ‘पत्रिका, नग २००’ एवढेच लिहिलेले असते, आणि म्हणूनच समोरचे गिऱ्हाईक निःशंकपणे विचारते, ‘‘ताई, कागदच तं हाय, याचे इतके पैसे कायले?’’ प्रश्नात उद्धटपणा नाही. पावतीने जे सांगितले नाही ते त्याला ठाऊक नसावे, एवढीच ती गोष्ट आहे.

हस्तव्यवसाय या जिल्ह्याला नवा नाही. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की, गावाच्या तटबंदीचे काम त्यांनी आपल्या द्रव्याने तडीस नेले, असे वऱ्हाडचे जुने गॅझेटियर नमूद करते. पेंढाऱ्यांचा उपद्रव आणि १८०३ चा दुष्काळ यांनी त्या पेठेचे कंबरडे मोडले, तरी मेहकरच्या धोतरजोडीचा लौकिक त्यानंतरही काही काळ टिकून होता. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला तेव्हा येथला कापूस गाठी बांधून थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला आणि त्याच वाटेने गिरणीचे कापड परत येऊ लागले. विणकराची मजुरी कापडाच्या किमतीत मुरलेली असे. गिरणीने कापड स्वस्त केले तेव्हा विणकराला आपली किंमत उतरवावी लागली. आणि सुताचा भाव त्याच्या हाती नसल्यामुळे किमतीतून जे कापले गेले ते त्याच्या मजुरीतूनच. सोनार-सराफाची गोष्ट निराळी होती. धातू वेगळा, मजुरी वेगळी, हा त्याचा रिवाज असल्यामुळे चांदी महागो की उतरो, घडविणाऱ्याचा वाटा त्या चढउतारात बुडून गेला नाही. कारागिराला तो वाटा नेहमी पुरेसा मिळत गेला असे मात्र कोणी समजू नये.

या मजुरीच्या पोटात दोन भिन्न जातींचे श्रम असतात, आणि प्रस्तुत व्यवसायाचे मर्म त्यांच्या भेदात आहे. चांदीच्या पत्र्यावर वेलबुट्टी उठवावयाची तर ती दोन रीतींनी उठवता येते. एक रीत अशी की, कारागीर पत्रा राळेवर बसवून छिन्नी-हातोडीने एकेक पान, एकेक पाकळी ठोकून काढतो. दहा तबके करावयाची तर हे काम दहा वेळा करावे लागते, आणि दहाव्या तबकाला पहिल्याइतकाच वेळ लागतो. दुसरी रीत ठशाची. पोलादी ठसा एकदा कोरून घेतला म्हणजे त्याखाली पत्रा दाबावयाचा अवकाश, नक्षी उमटते. ठसा कोरण्यास कदाचित पंधरवडा लागेल, परंतु पुढे हजार तबकांवर त्या पंधरवड्याची वाटणी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही रुपयेच येतात. संगणकावर काढलेली पत्रिकेची मांडणी, बोधचिन्ह, वेष्टनाची रेखाकृती हा सारा ठसा आहे. कागद दुमडणे, जाळी कातरणे, मणी ओवणे, गाठ मारणे हा सारा हात आहे. ज्याच्या घरी हे दोन्ही आहेत त्याने दोहोंचा हिशेब एकाच वहीत, परंतु निरनिराळ्या रकान्यांत ठेवला पाहिजे.

उदाहरणादाखल काही आकडे मांडून पाहू. समजा, दोनशे हस्तनिर्मित पत्रिकांची मागणी आली आणि दर ठरला नगास ३० रुपये. एकूण ६,००० रुपये. कागद, लिफाफा, छपाई आणि दोरा मिळून नगास १४ रुपये धरले तर २,८०० रुपये सामानाचे गेले. उरलेले ३,२०० रुपये ‘सुटले’ असे घरातील मंडळी समजतात आणि आनंदित होतात. आता प्रत्येक पत्रिकेस हाताचे काम बारा मिनिटांचे आहे असे धरा. दोनशे पत्रिकांना चाळीस तास होतात. तासाला ५० रुपये एवढीच माफक मजुरी लावली तरी २,००० रुपये. मजकूर जुळविणे, मांडणी करणे, मामांचे नाव काकांच्या वर घ्यावे म्हणून तिसऱ्यांदा बदल करून देणे यांत आठ तास गेले. त्या कामास अधिक कौशल्य लागते म्हणून तासाला १०० रुपये, म्हणजे ८०० रुपये. वाया गेलेला कागद, वीज, बांधणी आणि छापखान्याच्या खेपा यांचे ३०० रुपये. सर्व मिळून ५,९०० रुपये झाले आणि व्यवसायाचा म्हणून जो नफा म्हणावा तो शंभर रुपये राहिला.

याच पत्रिका कोणी पन्नासच मागितल्या आणि संकोचाने दर तोच ठेवला, तर काय होते? जमा १,५०० रुपये. खर्चात सामानाचे ७०० आणि हाताच्या कामाचे ५०० हे नगांच्या प्रमाणात उतरले. किरकोळ खर्चही निम्म्यावर येऊन १५० झाला. मांडणीचे ८०० रुपये मात्र जागचे हलले नाहीत, कारण ठसा एका पत्रिकेसाठी कोरा किंवा हजारांसाठी, त्याला लागणारा वेळ तोच असतो. खर्चाची बेरीज २,१५० होते. प्रत्येक पत्रिका ४३ रुपयांना पडते आणि ती ३० ला विकली जाते. परंतु पूर्वी तयार केलेल्या एखाद्या मांडणीत केवळ नावे व मुहूर्त बदलून देता आले आणि त्यास दोनच तास लागले, तर हाच खर्च १,५५० वर, म्हणजे नगास ३१ रुपयांवर येतो. थोड्या नगांची मागणी सर्वस्वी नव्या रेखाटनावर घेऊ नये, घेतल्यास रेखाटनाचे शुल्क पावतीवर वेगळे लावावे, हा नियम या आकड्यांतून आपोआप निघतो. त्यातूनच पुढची युक्तीही सुचते. हाताची बारा मिनिटे सहावर आणता येतील काय, जाळी कातरीने कापण्याऐवजी छापखान्यात डाय पंचिंग करून आणता येईल काय, आणि हात फक्त तेथेच लावावा जेथे गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना तो दिसतो, म्हणजे गाठीत, मण्यांत, कुंकवाच्या बोटात, असे करता येईल काय? अशी तडजोड कलेशी प्रतारणा होय असे ज्यांना वाटते, त्यांनी विल्यम मॉरिसचे चरित्र अवश्य वाचावे. १८६१ मध्ये भागीदारांसह पेढी काढून त्या थोर इंग्रज कारागिराने यंत्राच्या कुरूपतेविरुद्ध हाताच्या सौंदर्याचा झेंडा उभारला. कला सर्वांसाठी असावी हा त्याचा ध्यास होता, आणि प्रामाणिक मजुरी लावलेला त्याचा माल मुख्यतः धनिकांच्याच दिवाणखान्यांत गेला. ही विसंगती स्वतः त्यालाही बोचत असे.

ठसा कोरणाऱ्याची उपेक्षा ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव संस्कृत आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओठी होते, परंतु ज्या सुबक देवनागरी अक्षरांमुळे ते नाव झाले त्यांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू किती वाचकांना ठाऊक असतील? आमच्या काळातही संगणकावर ‘मंगल’ हा अक्षरसंच नित्य वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे रेखनकार र. कृ. जोशी यांची ओळख असते. अक्षर हे हवापाण्यासारखे आपोआप उपलब्ध असते अशी समजूत असल्यावर अक्षरांची मांडणी करून देणाऱ्याने पैसे मागावेत याचे लोकांना नवल वाटले तर त्यात आश्चर्य नाही.

अक्षरांच्या ओघाने एका नित्याच्या कटकटीचाही विचार करू. गिऱ्हाईक मजकूर पाठवते तो मोबाइलवरून, युनिकोडमध्ये. तालुक्याच्या छापखान्यांतून मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी जुने अक्षरसंच चालतात, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसविलेली असतात. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना रफार सरकतो, ‘श्र’ आणि ‘द्ध’ फुटतात, ‘ऱ्य’चे भलतेच काही होते, आणि नेमक्या ज्या नावात जोडाक्षर असते त्याच नावाचे पाहुणे मानी निघतात. यावर उपाय एकच, की छापखान्याकडे पाठविण्यापूर्वी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे, म्हणजे तेथे तो अक्षरसंच असो वा नसो, वळण बिघडत नाही. आणि हे रूपांतर करण्याच्या आधी कागदावर उतरवलेली प्रत गिऱ्हाईकाकडून वाचवून घेऊन तिच्यावर त्याची सही घ्यावी. जेथे निमंत्रक, प्रेषक, आप्तेष्ट आणि गावचे पुढारी मिळून चाळीस-पन्नास नावे एका पत्रिकेत नांदतात, तेथे या सहीचे मोल एखाद्या नोंदणीकृत दस्तऐवजाहून कमी नाही. आणखी असे की, पुष्कळ तयार अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठी पत्रिकेत ते डोळ्यांना खुपतात; निदान खुपावेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत, आणि ‘मुक्त’सारखे मराठी वळणे देणारे अक्षरसंच आज मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात, तेव्हा या बाबतीत दारिद्र्याची सबब चालण्यासारखी नाही.

रंगांची तक्रारही अशीच. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि तांबडा, हिरवा, निळा यांच्या मिश्रणाने रंग दाखवतो. कागद पडलेला प्रकाश परत करतो आणि त्यावरचा रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईंनी सिद्ध होतो. पडद्यावरचा रसरशीत केशरी किंवा झगझगीत हिरवा शाईच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे कागदावर तो मलूल उतरतो. पडद्यावर मंजुरी घेऊन छपाईला जाणे म्हणजे भांडणाला आवतण देणे होय. ज्या कागदावर काम व्हावयाचे त्याच कागदावर एक नमुना काढून दाखवावा. त्याचे वीस-पंचवीस रुपये हिशेबात धरलेले असावेत.

या जिल्ह्यातील बाजाराचे पंचांग ज्याने जाणले नाही त्याचा व्यवसाय उत्तम रेखाटनानेही तरणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उभी राहते. परंतु तिच्यासाठी लागणारा पैसा त्याआधी सोयाबीनच्या आणि मग कापसाच्या रूपाने शेतातून यावा लागतो. ‘माल निघाला की देतो’ हे वचन बहुधा खोटे नसते, तरी त्या वचनाला मुदत नसते. पाऊस लांबला की देणेही लांबते. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याविना कागद कापू नये, एवढी शिस्त ज्या घरांनी पाळली त्यांना उधारीचा वणवा सहसा लागत नाही. १२ जानेवारीस सिंदखेड राजा येथे जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी असते. माघ वद्य सप्तमीस, म्हणजे १८७८ मध्ये ज्या तिथीस गजानन महाराज शेगावी प्रथम दृष्टीस पडले त्या प्रकट दिनी, शेगाव भाविकांनी भरून जाते. देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा शरद ऋतूत येते. यात्रेकरू वस्तू घेतो ती उभ्याउभ्या, पिशवीत मावेल आणि प्रवासात मोडणार नाही अशी पाहून. घडविण्यास तासभर लागलेली वस्तू त्या गर्दीत मांडणे हे हाताचा अपमान करण्यासारखे आहे. तेथे ठशाचे राज्य असावे: लहान पत्रे, खुणपट्ट्या, कापडी पिशव्यांवरील छाप. आणि या छापांवर तरी लोणारच्या दैत्यसुदन मंदिरावरील शिल्पांच्या रेषा का येऊ नयेत? उल्कापाताने बसाल्टच्या खडकात पडलेले ते सरोवर पाहावयास देशोदेशींचे लोक येतात आणि परत जाताना भलत्याच प्रांतातील मोरांचे चित्र असलेली पिशवी घेऊन जातात, हे पाहून आमच्या रेखनकारांविषयी थोडे वैषम्य वाटते.

सरकारी नोंदींचा बाऊ करण्याचे कारण नाही. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती विनामूल्य होते आणि स्वतःच्या निवेदनावर होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देणे हा शुद्ध भाबडेपणा आहे. पी. एम. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीरपणे सुरू झाली, तिच्यातील अठरा व्यवसायांत सोनार, कुंभार, मूर्तिकार, बुरूडकाम, बाहुल्या व खेळणी करणारे आहेत, परंतु पत्रिका करणारे आणि संगणकावर रेखाटणारे नाहीत. त्यांना कर्जासाठी मुद्रा योजनेचे अथवा एखाद्या पतसंस्थेचे दार ठोठवावे लागते. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत एक बारकावा ध्यानी ठेवावा. केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपये होईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, परंतु रेखाटन ही सेवा आहे. जो वस्तूही विकतो आणि रेखाटनाचे शुल्कही वेगळे घेतो त्याच्यासाठी ती मर्यादा २० लाख रुपये धरली जाते.

‘उद्यम’ नोंदणीचा खरा लाभ फार थोड्यांच्या ध्यानी आलेला आहे. गिऱ्हाईक एखादी शाळा, संस्था किंवा कंपनी असेल, आणि बिल महिनोगणती टेबलावर पडून असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे माल वा सेवा स्वीकारल्यापासून, लेखी मुदत ठरली नसल्यास पंधरा दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. व्याज मागण्याची पाळी क्वचितच येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि सदरहू कायद्याचा उल्लेख एका ओळीत छापलेला असला म्हणजे हिशेबनीसाची लेखणी जरा लवकर हलते, असा व्यवहारातला अनुभव आहे.

शेवटी ठशाच्या मालकीचा प्रश्न. पत्रिका झाली, पैसे मिळाले, आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणते, ‘‘ताई, ते मूळ फाईल देऊन टाका ना, भाच्याच्या लग्नात कामी येईल.’’ सराफ तबक देतो, ठसा देत नाही. आणि याबद्दल आजवर कोणी रागावलेले ऐकिवात नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये कलाकृतीचा पहिला हक्क सामान्यतः ती निर्माण करणाऱ्याचा असतो. मात्र पैसे देऊन करवून घेतलेले छायाचित्र किंवा रंगचित्र यांच्या बाबतीत, उलट करार नसल्यास, तो हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो, आणि पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. धातूच्या दिव्याची घडण किंवा लाकडी फलकाचा आकार यांसारख्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक कलम आहे: २००० च्या डिझाईन कायद्याखाली नोंदविता येण्याजोगा आकृतिबंध नोंदविलाच नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने त्याचे पन्नासांहून अधिक नग निघाले, तर त्यावरचा स्वामित्वहक्क संपुष्टात येतो. पत्रिका, दिनदर्शिका, लेबले या वस्तू त्या नोंदणीत सहसा बसत नाहीत, म्हणून त्यांना ही भीती नाही. तेव्हा मूळ फाईल मागणाऱ्यास ती नाकारावी असे नव्हे; तिची किंमत वेगळी सांगावी, आणि रेखाटनाच्या शुल्काच्या दुप्पट-तिप्पट सांगावी, कारण ती दिल्यावर पुढील प्रत्येक भाच्याच्या लग्नाचे काम दुसऱ्याच्या छापखान्यात जाणार असते. मागणीपत्राच्या मागील बाजूस नगांचा दर, रेखाटनाचे शुल्क, फुकट मिळणारे बदल किती आणि मूळ फाईल हवी असल्यास तिची रक्कम, एवढे चार रकाने छापून घ्यावेत. दोनशे प्रतींचे असे पुस्तक गावच्या छापखान्यात अल्प खर्चात बांधून मिळते, आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा लग्ने नसतात आणि छापखानेही मोकळे असतात, तेव्हा ते सवडीने करून घेता येते.